नवा स्फटिक, जुने औषध आणि आपले काम

एकाच औषधाच्या रेणूपासून दोन भिन्न स्फटिक बनू शकतात. सूत्र तेच, बदलते ती केवळ रेणूंची मांडणी. परंतु औषध किती विरघळेल, गोळी नीट दाबली जाईल की तिचा भुगा होईल, दमट हवेत ती टिकेल की नाही, हे सारे या मांडणीवर अवलंबून असते. 1998 मध्ये एचआयव्हीवरील रिटोनाविर या औषधाचे अधिक स्थिर, पण कमी विरघळणारे रूप उत्पादनात अनपेक्षितपणे अवतरले आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्यावी लागली. जुने रूप बनवणेच अवघड होऊन बसले.

अशी रूपे हेतुपूर्वक घडवण्याचा एक साधा मार्ग म्हणजे घोटणे. कठीण गोळ्या असलेल्या बंद भांड्यात औषध आणि एखादा निरुपद्रवी सहपदार्थ घालून ते भांडे वेगाने हलवतात. आघाताने जुनी मांडणी मोडते आणि दोन्ही रेणू हायड्रोजन बंधांनी एकत्र येऊन ‘सहस्फटिक’ तयार होतो. द्रावकाचे दोन-चार थेंब टाकले की हे काम बहुधा झपाट्याने होते. कोणते रूप हाती लागेल, हेही कधी त्या थेंबांवर ठरते. 2024 मध्ये रिटोनाविरचे ते दुर्मीळ झालेले रूपही योग्य द्रवासह घोटून पुन्हा मिळवता येते, असे संशोधकांनी दाखवले. 

म्हणूनच नव्या स्फटिकांचे शोधनिबंध आज विपुल आहेत. प्रश्न असा, की त्यांतून रुग्णाला काय मिळते?

हा प्रश्न आपल्या कायद्याने आधीच विचारला आहे. पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) नुसार ज्ञात औषधाचे नवे रूप तेवढ्यानेच पेटंटयोग्य ठरत नाही. परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या बीटा स्फटिकरूपाला याच आधारावर पेटंट नाकारले. परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता. चूर्ण सहज वाहणे, अधिक स्थैर्य किंवा कमी ओलावा शोषणे पुरेसे नाही, असा तो निवाडा होता. 

माझ्या मते हा निवाडा योग्यच आहे. मात्र त्यातून उरणारी जबाबदारी आपण ओळखलेली नाही. ओलाव्यात न बिघडणारी गोळी पेटंटला अपात्र असेल, पण पावसाळ्यात आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या औषधासाठी तो गुण मोलाचा आहे. कॅफीन आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचा सहस्फटिक दमट हवेतही टिकतो, हे 2005 मध्येच दिसले. पॅरासिटामॉलचे नेहमीचे रूप दाबून गोळी बनवण्यास त्रासदायक. त्याचे काही सहस्फटिक मात्र सहज दाबले जातात, हे 2009 मध्ये सिद्ध झाले. असे गुण मक्तेदारी मिळवून देत नसतील, तर त्यांच्यावर खाजगी पैसा फारसा लागणार नाही. ते काम सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळांनी करावे आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत.

आपल्याला ते जड नाही. गौतम देसिराजू यांनी हैदराबाद आणि पुढे बेंगळुरू येथे स्फटिक अभियांत्रिकीची भक्कम परंपरा उभी केली आहे. घोटण्याचे यंत्र महागड्या उपकरणांत मोडत नाही आणि द्रावकही अत्यल्प लागतो. 

अडचण आहे ती सवयीची. दोन रूपांच्या ऊर्जेतील फरक अनेकदा प्रति मोल काही किलोज्यूल इतकाच असतो. आज यंत्रातून निघालेले रूप उद्या दुसऱ्यात बदलू शकते. अति घोटल्यास स्फटिकाची रचनाच विस्कटते. तरीही क्ष-किरण विवर्तनाचा आलेख जुळला की आपण निबंध लिहायला बसतो.

विद्यार्थिमित्रांनो, नवा स्फटिक मिळाल्याचा आनंद जरूर घ्या. मग तो नमुना ओलाव्यात आणि उष्णतेत काही महिने ठेवा, विरघळण्याचा वेग मोजा, प्रयोग फसला तर तेही लिहा. नवे रूप हाती येणे ही संशोधनाची सुरुवात आहे; ते टिकते आणि उपयोगी पडते, हे दाखवणे हे खरे संशोधन.