उभ्या मोटारीचा हिशेब

कर्ज काढून घेतलेली मोटार पुण्यातील मध्यमवर्गीयाच्या दारात दिवसाचे बहुतेक तास नुसती उभी असते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशी मोटार अ‍ॅपच्या माध्यमातून परक्या चालकास तासांच्या भाड्याने द्यावी, हा मोह म्हणूनच स्वाभाविक आहे. पडून असलेले भांडवल कामास लागावे, हे अर्थशास्त्रासही मान्यच आहे.

परंतु उत्पन्नाबरोबर जोखीमही वाटली जाते काय, हा खरा प्रश्न होय. खासगी मोटारीच्या विम्यातून भाड्याचा वापर सर्वसाधारणपणे वगळलेला असतो. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा अखेर मालकावर येऊ शकतो. मध्यस्थ कंपनीचे संरक्षण किती, हे करारातील बारीक अक्षरांवर अवलंबून!

कायदाही छोट्या मालकाच्या बाजूस नाही. मोटारी भाड्याने देण्याच्या 1989 च्या केंद्रीय योजनेने परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट घातली. एका गाडीच्या मालकास तीत स्थानच नाही. अशा अधांतरी व्यवसायाचे काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. जानेवारी 2023 मध्ये खासगी दुचाकींवरून अ‍ॅपद्वारे होणारी प्रवासी वाहतूक राज्यात रोखली गेली, तेव्हा दुचाकीस्वारांची कमाईही थांबली.

सरसकट बंदी हा यावरील उपाय नव्हे. एक-दोन गाड्यांच्या मालकास सुटसुटीत परवाना, भाड्याच्या प्रत्येक फेरीस सक्तीचा विमा आणि नुकसानीत मध्यस्थाचाही वाटा, एवढे शासनाने ठरवून द्यावे. तोवर किल्ली देणाऱ्याने मिळणाऱ्या भाड्याबरोबर न मिळणाऱ्या संरक्षणाचाही हिशेब मांडावा.