जोडफायदा कोणाच्या पदरात?

हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पोटात घालावा, असा विचार आज जगभर चालला आहे. जोडीला आमिषेही आहेत: मासळी वाढेल, किनारे सांभाळले जातील, पाण्याची आम्लता उतरेल. या जोडफायद्यांची छाननी आपण गोमंतकीयांनी अवश्य करावी, असे मला वाटते.

२००९ साली दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्याला लोहाचे खत घातले. प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. सूक्ष्म वनस्पती वाढल्या. पण सिलिका अपुरी असल्याने डायाटम फोफावले नाहीत. जे उगवले ते बारीक कोपेपॉडांनी फस्त केले, त्यांना मोठ्या अँफिपॉडांनी खाल्ले. खोल पाण्यात कार्बन फारच थोडा गेला. म्हणजे समुद्रजीवांना अन्न मिळाले, पण त्या जोडफायद्यानेच मूळ हेतू गिळला! जेवलेले भात बियाण्याला कसे उरणार?

दुसरी पद्धत क्षारधर्मी खडकाची पूड समुद्रात घालण्याची. येथे दोन लाभांचे भांडण नाही. पाणी कार्बन शोषते आणि आम्लता घटल्याने तिसऱ्या-कालवांना कवच बांधणे सोपे जाते. पण पूड येणार कोठून? डोंगर फोडूनच ना? मी इब्रामपूरचा. खाणीची माती शेतात उतरली म्हणजे काय होते, हे पेडणे-डिचोलीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. लाभ किनाऱ्याला आणि धूळ आतल्या गावाला, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

मला विचाराल तर पहिला मान खारफुटीला. तिच्या चिखलात प्राणवायू कमी, म्हणून तेथला कार्बन दीर्घकाळ टिकतो. मुळांत कोळंबीची पिल्ले वाढतात, खाजन शेतीच्या बांधांवरचा लाटांचा मारा कमी होतो. कार्बनचा आकडा अपेक्षेहून कमी निघाला, तरी हे लाभ पदरात राहतात. मात्र बांध फुटून पडीक शेतात माजलेली खारफुटी निव्वळ फायद्यात धरू नये. तेथे कोणाचे तरी भात गेलेले असते. शिवाय खारफुटीला जागा मर्यादितच. धूर कमी करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकता येणार नाही.

विद्यार्थीमित्रहो, उद्या अशी एखादी योजना आपल्या शापोऱ्याच्या मुखाशी आली, तर तीन प्रश्न विचारा. जोडफायदा मूळ कामाच्या आड येतो का? तो स्वतंत्रपणे मोजला आहे का? आणि लाभ ज्यांना, त्रासही त्यांनाच आहे का? उत्तरे मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवाव्यात.