नवा संगणक, जुना पत्रव्यवहार

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. त्यानिमित्ताने अनेक पेढ्यांवर विंडोज ११ आले. जेथे जुना संगणक नव्या प्रणालीच्या अटींत बसला नाही, तेथे नवा संगणकच आला. अशा वेळी हिशेबाचे सॉफ्टवेअर, छपाईयंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन यांची व्यवस्था आवर्जून लावली जाते. ईमेलचा विचार मात्र शेवटी होतो, आणि तोही ‘आता कोणता प्रोग्राम टाकायचा?’ एवढ्यापुरताच. वस्तुतः त्याआधी विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. आपली आजवरची पत्रे नेमकी कोठे आहेत?

या प्रश्नाचे महत्त्व व्यापारी कुटुंबाला समजावून सांगावे लागू नये. मालाचा ठरलेला दर, बदललेली मुदत, परत आलेल्या गाठींविषयीची तक्रार, आडत्याशी झालेला करार हे सारे पूर्वी दप्तरात असे. आज ते मेलमध्ये असते. बिले आणि क्रेडिट नोटाही बहुधा मेललाच जोडून येतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२३-२४ या वर्षाची कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवीत. एवढ्या काळात संगणक निदान एकदा तरी बदलतोच.

शिवाय प्रणालीबरोबर येणारा मेलचा प्रोग्राम कायम टिकतो असा अनुभव नाही. विंडोज एक्सपीच्या काळात आउटलुक एक्सप्रेस होते. २००७ च्या व्हिस्टामध्ये त्याच्या जागी विंडोज मेल आले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मेलचा प्रोग्रामच नव्हता. विंडोज लाइव्ह मेल वेगळे उतरवून घ्यावे लागे, आणि त्याचाही आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला. विंडोज १० मधील मेल हे ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला निवृत्त झाले व त्याची जागा ‘नव्या आउटलुक’ने घेतली. प्रत्येक फेरबदलात पत्रे साठवण्याची पद्धतही पालटली. म्हणून कोणताही प्रोग्राम निवडताना त्यातून उद्या बाहेर कसे पडता येईल, हे आजच पाहून ठेवणे शहाणपणाचे.

आता पत्रांच्या ठिकाणाविषयी. मेल संगणकावर येण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. आयमॅप पद्धतीत मूळ पत्रे सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि दुकानातील संगणक, घरचा लॅपटॉप, मोबाइल या सर्वांवर तीच दिसतात. संगणक बदलला तरी ती पुन्हा उतरतात. मात्र एका ठिकाणी पत्र पुसले की ते सगळीकडून जाते, हेही ध्यानात असावे. पॉप पद्धतीत पत्रे संगणकावर उतरवली जातात, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडलेला नसेल तर सर्व्हरवरून काढून टाकली जातात. जुन्या पेढ्यांवर बहुधा हीच पद्धत असते. अशा संगणकाची हार्ड डिस्क पुसणे म्हणजे दप्तराची कपाटे रिकामी करणे होय.

आपली पद्धत कोणती हे खात्याच्या सेटिंगमध्ये दिसते. त्याहून सोपी परीक्षा अशी: मोबाइलवर किंवा ब्राउझरमधून खाते उघडावे आणि तीन-चार वर्षांपूर्वीचे, जुन्या संगणकावर दिसणारे एखादे पत्र शोधावे. ते सापडले नाही, तर ते केवळ त्या संगणकावर आहे असे धरून चालावे.

मग क्रम असा ठेवावा. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी मेलची संचिका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. आउटलुकची संचिका पीएसटी या नावाची असते. थंडरबर्डमध्ये ‘प्रोफाइल’ नावाचा एक फोल्डर असतो, तो संपूर्ण घ्यावा. प्रत घेताना प्रोग्राम बंद असावा. प्रणाली बदलल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात जुन्या गोष्टी राहतात खऱ्या. पण तो फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो आणि डिस्क फॉरमॅट केल्यास उरतच नाही. त्यावर विसंबू नये.

एवढे झाल्यावर निवडीकडे वळावे. ज्या पेढीचे काम एकाच खात्यावर व बहुतांशी मोबाइलवर चालते, तिला ब्राउझर पुरेसा आहे. विंडोज ११ बरोबर येणारे नवे आउटलुक विनामूल्य असून हाताळायला सोपे आहे. पण अन्य कंपनीचे खाते त्यात जोडल्यास त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते आणि विनामूल्य वापरात जाहिराती दिसतात. ही गोष्ट घरातील कर्त्या मंडळींनी जाणून मान्य केलेली असावी. जुन्या धाटणीचे आउटलुक ऑफिसबरोबर विकत मिळते, आणि ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या पीएसटी संचिका आहेत त्यांना तेच सोयीचे पडते. थंडरबर्ड २००४ पासून विनामूल्य मिळते, अनेक खाती एकत्र हाताळते आणि पत्रे एमबॉक्स या साध्या मजकुराच्या रूपात ठेवते. ती इतर प्रोग्रामनाही वाचता येतात. काही प्रोग्राम घरगुती वापरापुरतेच फुकट असतात. दुकानासाठी वापरण्यापूर्वी त्यांच्या अटी वाचाव्यात.

जीमेलचे खाते जोडताना जुन्या प्रोग्रामने पासवर्ड नाकारल्यास गोंधळू नये. मे २०२२ च्या अखेरीपासून गूगलने केवळ पासवर्डवर चालणारी जुनी रीत टप्प्याटप्प्याने बंद केली. नव्या प्रोग्राममध्ये गूगलचेच पान उघडते. तेथे परवानगी दिली की काम होते.

नवा प्रोग्राम सुरू झाल्यावर जुना संगणक लगेच विकू अथवा भंगारात देऊ नये. जुन्या व नव्या ठिकाणच्या प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या ताडून पाहावी. ‘पाठविलेली’ हा फोल्डर विशेषकरून, कारण पॉप पद्धतीत आपण लिहिलेली पत्रे बहुधा संगणकावरच असतात. जुन्या पत्राला जोडलेले एखादे बिल उघडून पाहावे. पत्त्यांची यादी आली का, तेही पाहावे. आणि खात्याचा पासवर्ड, तो परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक व बाहेरच्या डिस्कची जागा या तीन गोष्टी घरातील निदान दोघांना ठाऊक असाव्यात. अनेक पेढ्यांवर हा क्रमांक कधीच काम सोडून गेलेल्या नोकराचा निघतो. तो आजच बदलून घ्यावा.