‘नाईस’ची गोष्ट

मंडळी, आमच्या इब्राचा बुधवारचा बाजार खास बायकांचा. पुरुषांनी आपलं बाहेर थांबायचं. तेव्हा आम्ही गाडीत, आणि सौ. व लेक आत. लेक परत आल्यावर विचारलं, “कसा होता बाजार?” “नाईस.” “कापड?” “नाईस.” “अत्तरं?” “व्हेरी नाईस!”

त्याच रात्री साताऱ्याहून आजीचा फोन. तिनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून पाठवली होती. “कशी वाटली गं?” “नाईस आहे, आजी.” पलीकडे जरा शांतता. मग “बरं हो” म्हणून आजीनं फोन ठेवला.

आम्हाला राग आला, आणि त्या रागात शब्दकोश उघडला. पाहतो तर काय, हा ‘नाईस’ मुळात चक्क अडाणी! लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यातून ‘नेस्कियस’, म्हणजे अजाण. (‘सायन्स’ही या ‘स्कीरे’चंच अपत्य!) फ्रेंचमार्गे १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ या अर्थानं. पुढे झाला चोखंदळ, मग काटेकोर, सूक्ष्म. ‘नाईस डिस्टिंक्शन’मध्ये हा अर्थ अजून टिकून आहे. ‘छान’ झाला तो अठराव्या शतकात, आणि इतका बोकाळला की जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त (१८१७) नायक नायिकेला याच शब्दावरून चिडवतो.

हसू नका, आपल्याकडेही तेच. ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ दोन्ही ‘मुह्’ या एकाच धातूचे. ‘मुग्ध’ म्हणजे आधी गोंधळलेला, मग भोळा, मग मोहक. आज आपण हौसेनं मुलीचं नाव मुग्धा ठेवतो! इथल्या अरबीतला ‘लतीफ’ही तसाच: सूक्ष्म, नाजूक आणि छानसुद्धा.

म्हणजे शब्दानं अर्थ बदलला यात त्याचा गुन्हा नाही. एकाच शब्दावर सगळं भागवायचं, हा आळस आपला. आणि खरं सांगायचं तर लेकीनं तो आमच्याकडूनच उचललेला.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा विचारलं, “गोधडी खरंच कशी आहे?” जरा विचार करून म्हणाली, “मऊ आहे, थोडी जड आहे, आणि तिला आजीच्या कपाटाचा वास येतो.”

“मग हेच सांग की आजीला!”

सांगितलं. कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा, हे आजी अर्धा तास सांगत होती. फोनचं बिल येईल तेव्हा बघू!

तुमच्या घरातला ‘नाईस’ कोणता? जरूर कळवा.