‘वयच तसें’ म्हणणाऱ्यांस

आमच्या सुशिक्षित घरांत एक वाक्य फार स्वस्त झालें आहे: ‘वयच तसें, जाईल निघून.’ पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आईबापांपुढें येऊन सांगतो कीं, आठवडा झाला, झोप नाहीं, तरी थकवा म्हणून नाहीं. डोक्यांत विचारांची नुसती धांव चालली आहे. आणि मागल्या महिन्यांत मात्र अंथरुणांतून उठवत नव्हतें, जगणें नकोसें झालें होतें. मला डॉक्टरांकडे न्या. त्यावर त्यास मिळतें तें हें उत्तर! आमच्या मतें हें शहाणपण नव्हे. शहाणपणाचा अंगरखा घातलेली ती भीति आहे.

हें आम्ही रायगड जिल्ह्यांतील कर्जत-खालापूरकडील पालकांस मुद्दाम सांगत आहों. रस्तोरस्तीं भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणून, बरें करून स्वगृहीं पोंचविणारी ‘श्रद्धा’ संस्था त्यांच्या दाराशींच आहे. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनीं ती १९८८ सालीं काढली. २००६ पासून कर्जतला तिचें केंद्र आहे. २०१८ सालीं डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. या दांपत्यास आरंभीं रस्त्यावर जो तरुण आढळला तो करवंटीनें गटारांतलें पाणी पीत होता, आणि चौकशीअंतीं निघाला पदवीधर! त्याचा विकार निराळा होता, हें खरें. पण बोध तोच. रस्त्यावरचा वेडा आभाळांतून पडत नाहीं. तो कोणाच्या तरी घरांतूनच बाहेर पडलेला असतो.

कोणी म्हणतील, ‘हल्लींची मुलें कांहींबाहीं वाचून स्वतःस रोग चिकटवितात.’ चिकटवीत असतील! पण रोग आहे कीं नाहीं हें ठरविणें मुलाचें काम नव्हे, तसें तें बापाचेंहि नव्हे. उन्माद आणि विषाद यांच्या आळीपाळीनें येणाऱ्या लाटा, ज्यांस आज बायपोलर विकार म्हणतात, त्या पुष्कळदां याच उमलत्या वयांत प्रथम दिसतात. केवळ विषाद पाहून त्यावरचें औषध दिलें तर कित्येकदां उन्माद उसळतो. म्हणूनच निदान मानसोपचारतज्ज्ञानें करावयाचें असतें. तपासाअंतीं कांहीं न निघालें तर एक दिवस फुकट गेला. निघालें आणि आपण गप्प बसलों, तर काय काय जाईल? ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यानें १९४९ सालीं लिथियमचा गुण दाखवून दिला, तेव्हांपासून हा विकार आटोक्यांत ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. औषध आहे, वैद्य आहे. अडलें आहे तें उंबरठ्यावर.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं: ‘उद्यां लग्न कसें जमेल?’ या एका धास्तीपायीं डॉक्टर टाळून देवऋषी गांठणारीं घरें आहेत, आणि त्यांत बी. ए., बी. कॉम. झालेलींहि आहेत. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण जो बाप मारीत नाहीं, केवळ हंसून विषय बदलतो, त्याला कोणता कायदा आंवरणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सरकारी खर्चानें चालणाऱ्या उपचारांचा हक्क प्रत्येकास दिला. परंतु अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार सामान्यतः पालकाचाच ठेवला. म्हणजे किल्ली आपल्या कनवटीस आहे. ती न फिरविणारा पालक तटस्थ नसतो. तो दार लावून घेत असतो.

सरकारासहि आमचें सांगणें आहे. जिल्ह्याचें ठाणें अलिबागेस, समुद्रकांठीं. कर्जत-खालापूर घाटाच्या पायथ्याशीं. तालुक्याच्या रुग्णालयांत मनोविकारांचा डॉक्टर कोणत्या वारीं भेटेल, हें शाळाशाळांच्या फलकांवर ठळक लिहिलें गेलें पाहिजे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची सल्लासेवा विनामूल्य मिळते, तो क्रमांकहि तेथेंच असावा.

मुलगा बोलला, हेंच त्याचें शहाणपण. पुष्कळांना तेवढेंहि साधत नाहीं. त्यानें मागितलें काय? सहानुभूतीचें व्याख्यान नव्हे. डॉक्टरच्या दारापर्यंत सोबत. ती देण्यास जे कचरतात, त्यांनीं आपल्या सुशिक्षितपणाचा डौल मिरवूं नये.