रंगाच्या डब्यापासून पहिल्या नंबरापर्यंत



हळदीच्या रात्री वस्तीत गाणे लागले की म्हातारी माणसेही पाय हलवतात. पण ते गाणे कोणी केले, वाजवले कोणी, पैसे कोणाला मिळाले, हे आपण कधी विचारत नाही. नाचाचे गाणे म्हणजे हलकी गोष्ट, असा आपला समज. मी पडलो कारकून माणूस, म्हणून आज अशाच एका गाण्याचा हिशेब मांडतो. गाणे अमेरिकेतले. नाव 'सेलिब्रेशन', म्हणजे आनंदोत्सव. बँडचे नाव 'कूल अँड द गँग'.

रॉबर्ट आणि रोनाल्ड बेल हे सख्खे भाऊ. ओहायो राज्यातील यंग्सटाऊन या पोलाद कारखान्यांच्या गावातले, कृष्णवर्णीय कुटुंबातले. वडील मुष्टियोद्धे. ढोल विकत घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा ही पोरे रंगाचे जुने डबे बडवीत. डब्यात रंग जसा कमी-जास्त उरलेला असे, तसा आवाज वेगळा निघे. पुढे कुटुंब न्यूजर्सीतील जर्सी सिटीला आले. तेथे १९६४ साली भावांनी मित्रांना जमवून बँड काढला. थोरला रॉबर्ट तेव्हा अवघा तेरा-चौदा वर्षांचा.

१९७३-७४ मध्ये त्यांची गाणी गाजली. पण मग डिस्कोची लाट आली आणि बँड मागे पडला. अशा वेळी पुष्कळ जण लोकांना दोष देत घरी बसतात. यांनी स्वतःत काय कमी आहे ते पाहिले. जेम्स 'जे. टी.' टेलर हा मुख्य गायक घेतला. इउमिर देओदातो या ब्राझीलच्या संगीतकाराला निर्माता म्हणून आणले. १९७९ च्या 'लेडीज नाईट' या गाण्याने बँड पुन्हा उभा राहिला.

'सेलिब्रेशन'ची कल्पना रोनाल्डची. तो इस्लाम धर्माचा अनुयायी. कुराणातील आदमच्या निर्मितीची कथा वाचताना देवदूतांच्या आनंदाचे चित्र त्याच्या मनात आले, असे तो सांगत असे. त्यातून निघाले ते मात्र सर्वांचे गाणे. शब्द थोडे आणि सोपे, ठेका टाळ्या वाजवत धरता येईल असा, धृपद एकदा ऐकले की सगळ्यांनी मिळून म्हणावे असे. सोपे करणे हेच अवघड असते. त्यामागे सोळा वर्षांचा रियाज होता.

१९८० च्या अखेरीस रेकॉर्ड निघाली. रेकॉर्डची विक्री आणि रेडिओवरचे वाजणे मोजून 'बिलबोर्ड' हे साप्ताहिक तेव्हा गाण्यांची यादी छापत असे. तिच्यात ७ फेब्रुवारी १९८१ रोजी 'सेलिब्रेशन' पहिल्या नंबरावर गेले आणि दोन आठवडे तेथे राहिले. या यादीत हा नंबर त्या बँडला तेवढ्या एकाच गाण्याने मिळवून दिला. त्याच जानेवारीत इराणमध्ये ४४४ दिवस ओलीस ठेवलेले अमेरिकन नागरिक सुटले. त्यांच्या स्वागतालाही हेच गाणे वाजले. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याची नोंद झाली. रोनाल्ड त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये वारला होता.

मला सर्वांत मोलाची वाटते ती कागदावरची गोष्ट. कल्पना रोनाल्डची असूनही गाण्याचे श्रेय त्याने एकट्याच्या नावावर ठेवले नाही. गिटारवाला, ड्रमवाला, तुतारीवाला, गायक, निर्माता, सगळ्यांची नावे कर्ते म्हणून लागली. कर्ता म्हणून नाव लागले की गाणे वाजेल तसा मोबदल्याचा वाटा येतो. नाव नसेल तर टाळ्या मिळतात, पण पोट टाळ्यांनी भरत नाही.

आपल्याकडचे चित्र काय? रात्रभर वाजवणाऱ्या पोरांना आपण 'ए बँडवाल्या' म्हणून हाक मारतो. सगळी पंगत उठल्यावर त्यांना जेवायला बसवतो आणि ठरलेल्या पैशातून पाचशे कापायला बघतो. माझ्या घरच्या लग्नातही हे झाले आहे, आणि मी गप्प बसलो होतो. पुढच्या कार्याला एवढे तरी करू या: त्यांची नावे विचारू, वेळेवर जेवू घालू आणि ठरलेले पैसे पुरते देऊ.

आणि घरात पोर डबा बडवू लागले तर पाठीत धपाटा घालू नका. अभ्यास झाला का, एवढे विचारा. झाला असेल तर वाजवू द्या.