गुडघ्याचे गुत्ते



सोयाबीन सोंगणीचे गुत्ते घेतले की एकराचा भाव आधी ठरतो. माणसे चार लागोत की दहा, मालक वर पैसा देत नाही. गुडघा किंवा खुबा बदलण्याचे सरकारी योजनेतील 'पॅकेज' असेच असते. तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, कृत्रिम सांधा, औषधे, खाट आणि रुग्णाचे जेवण, सगळ्यांचा मिळून एकच दर. तो रुग्णालयाला योजनेतून मिळतो, रुग्णाने द्यायचा नसतो.

आमच्या मंगरूळपीरच्या वस्तीतील एक मावशी जन्मभर निंदणाला गेल्या. गुडघे कामातून गेले. योजनेचे कार्ड असूनही शहरातील एका रुग्णालयात मुलाला सांगण्यात आले, "चांगला सांधा हवा तर चाळीस हजार वेगळे." मुलगा बायकोचे डोरले गहाण ठेवायला निघाला. आम्ही त्याच्यासोबत गेलो आणि एवढेच म्हणालो, "पैसे कशाचे ते लिहून द्या." कागद मिळाला नाही, मागणीही पुन्हा झाली नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात होत नाही. म्हणून भरती होण्यापूर्वी रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला गाठावे. अडवणूक झाली तर १५५३८८ वर तक्रार करावी.

गुत्त्यात एक खोट असते. भाव ठरलेला, मग काम लवकर उरकण्याकडे ओढा. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने २०१६ ते २०२४ या काळात अनेक शहरांत सांधेबदलासाठी एकत्रित दराची पद्धत राबविली. तेथे सुटीनंतरच्या ९० दिवसांचा हिशेबही रुग्णालयाच्या माथी होता. आपल्याकडे सुटीनंतरची मोफत औषधे व तपासणी मूळ नियमाप्रमाणे १० दिवसांची. पुढचे महिने घरच्यांचे! व्यायाम चुकला तर नवा गुडघाही आखडतो. म्हणून सुटीपूर्वी व्यायाम, जिना चढणे, उठणे-बसणे शिकवून घ्यावे. घरात उंच खुर्ची आणि खुर्चीचा संडास यांची सोय करावी.

मावशी आता काठी घेऊन रविवारी विहारात वंदनेला येतात. खुर्चीवर बसतात. डोरले सुनेच्या गळ्यात आहे.

योजना ही कोणाची मेहरबानी नव्हे, आपला हक्क आहे. पण हक्कालाही पावती मागावी लागते.